खालच्या ओळी

सूनबाईनं टॅबलेट चादरीच्या घडीत सारला, केस सारखे केले आणि मगच कडी काढली. दारात सासरे उभे होते. हातात तेलकट फडकं, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखा चेहरा.

"झोपली होतीस?"

"नाही, बाबा. काही हवंय का?"

त्यांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं, आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत म्हणाले, "तू ते बघतेस ना, ते जपानी. काय म्हणतात त्याला?"

"अ‍ॅनिमे," ती म्हणाली, आणि चोरीचा माल आपणच काढून दाखवल्यासारखी ओशाळली.

"तेच. एखाद्यानं पहिल्यांदाच बघायचं ठरवलं, तर कुठून सुरुवात करावी?"

"कुणाला बघायचंय?"

"मला."

एवढं बोलून ते पुढच्या खोलीत निघून गेले. तिथे त्यांचं दुकान होतं. दारावर 'शिलाई मशीन दुरुस्ती' अशी पाटी, आत चाळीस वर्षांचं तेल प्यायलेलं एक टेबल. सूनबाई मात्र कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिच्या मनात पाल चुकचुकली.

लग्नाला सात महिने झाले होते. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात राहायचा, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. सकाळभर ती शिशुवर्गातल्या तीस पोरांचा कलकलाट सोसायची, एकला घरी येऊन जेवायची, आणि दोन ते तीन दार लावून घ्यायची. तो एक तास तिचा. त्या तासात काय चालतं हे घरात कुणाला ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती. नव्या नवरीचे दिवस होते तेव्हा चुलत सासूबाईंनी तिच्या हातातला टॅबलेट पाहिला होता. "अगंबाई, ही अजून कार्टून बघते! पाळणा आधी हिच्यासाठीच आणा!" म्हणाल्या, आणि सगळी बैठक खो खो हसली होती. तेव्हापासून कडी.

आणि गेल्याच आठवड्यात नवरा फोनवर सहज म्हणाला होता, "घरी विचारत होते, तू दुपारी दार लावून काय करतेस?"

कोण विचारत होतं, ते त्यानं सांगितलं नव्हतं. आज कळलं.

संध्याकाळी तिनं मावसबहिणीला फोन लावला. अ‍ॅनिमेचा नाद तिनंच लावलेला.

"सासरा? अ‍ॅनिमे? अगं, हा सापळा आहे," मावसबहीण म्हणाली. "तू काय बघतेस ते बघणार, आणि मग बैठक बसवणार."

"मलाही तेच वाटतंय. पण नाही कसं म्हणू?"

"मग नीट निवड. नवख्याला लांबलचक सिरीज द्यायची नाही. हजार भागांची दिलीस तर आधी तो संपेल. तलवारी नकोत, आंघोळीचे सीन नकोत. आखूड स्कर्ट असेल तर बघायलाच नको, त्याच दिवशी माहेरी ये. पहिल्या भागात मरणारी आई नको."

"मग उरलं काय?"

"मांजर."

सूनबाईला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. तिनं तीन दिवस घेतले. कुणाला पहिल्यांदा काय दाखवावं, याचा इतका विचार तिनं शिशुवर्गातल्या पोरांसाठीही केला नव्हता. एखादं नाव समोर आलं की ते सासऱ्यांच्या डोळ्यांनी बघायचं, मग सासूबाईंच्या, मग चुलत सासूबाईंच्या. एवढ्या डोळ्यांतून गाळल्यावर आवडत्या सिरीजपैकी एकही खाली पडेना.

शेवटी तिनं लहान मुलांची एक साधीशी निवडली. जंगलातले प्राणी मिळून पाव भाजतात. कुणाचं काही दुखत नाही, कुणी कुणावर प्रेमसुद्धा करत नाही. वर आपल्या भाषेत डबिंग केलेलं. चारच्या चहानंतर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावून दिली.

सासऱ्यांनी पाचच मिनिटं पाहिली.

"हे आपल्या भाषेतलं दिसतंय."

"हो, बाबा. नवीन माणसाला सोपं जातं."

"नको. खाली ओळी येतात ना, ते लाव."

"सारखं वाचत बसावं लागेल. त्रास होईल."

"डोळे शाबूत आहेत माझे अजून," सासरे म्हणाले. मग टीव्हीकडे बोट करून, "आणि हे नको. तू बघतेस त्यातलं लाव."

डोळे शाबूत आहेत. हा टोमणा तिला बरोबर जाऊन लागला. म्हणजे सगळं दिसतं मला, असंच ना? तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बघायचंच आहे ना, मग बघाच, अशा तिरमिरीत तिनं आपली सगळ्यात जवळची सिरीज लावली. डोंगरातल्या एका स्टेशनवर आठवड्यातून एकदा गाडी येते. तिथली स्टेशनमास्तरीण एकटीच राहते, एका बोलक्या मांजराबरोबर. गाडी निघाली की ती फलाटाच्या टोकाला जाऊन बासरी वाजवते. तिच्या फिरत्या बोटांकडे मांजर आळीपाळीनं एकेका डोळ्यानं बघतं. बारा भाग, आणि घडत म्हणाल तर काहीच नाही. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात सूनबाईनं ती तीनदा पाहिली होती, आणि तिन्ही वेळा रडली होती. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

भाग संपला. सासरे उठले. "उद्या चारला," म्हणाले, आणि दुकानात गेले.

असं रोज होऊ लागलं. सूनबाई शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसायची आणि पडद्यापेक्षा सासऱ्यांनाच जास्त बघायची. हा माणूस नक्की काय शोधतोय? ते पुढे झुकून बसायचे. मांजर काही बोललं की हसायचे, पण अंमळ उशिरा, ओळ वाचून झाल्यावर. मध्येच वळून तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती काही बोलली की तिच्या डोळ्यांत कधीच नाही, नेमकं ओठांकडे बघायचे, खोटं कुठून बाहेर पडतं ते हेरल्यासारखे.

तिकडे सासूबाईंच्याही कपाळावर आठी चढली होती.

"माझ्याशी चार शब्द बोलायचे म्हटले तर यांना मुहूर्त लागतो," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "चार महिने झाले, माणूस नुसता घुम्या झालाय. बातम्या सोडल्या. फोन वाजला तर उचलत नाहीत, मलाच धावावं लागतं. आणि तुझ्याबरोबर बरे तासतासभर बसतात. काय जादू करतेस गं?"

"मी काही नाही केलं, आई. त्यांनीच सांगितलं लावायला."

"त्यांनी सांगितलं?" सासूबाईंनी देठ मोडला. "या माणसानं चाळीस वर्षांत मला एक सिनेमा लावायला सांगितला नाही."

म्हणजे आता दोन्हीकडून. सूनबाईनं भाजीच्या ताटात मान घातली.

पाचव्या दिवशी तिला आणखी काहीतरी खटकलं. खालच्या ओळी बदलल्या होत्या. आधी नुसती बोलणी यायची. आता मध्येमध्ये कंसात भलतंच येत होतं. (दार करकरतं.) (दूरवर शिट्टी.) (मांजर गुरगुरतं.) म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन कुणीतरी खटपट केली होती. टीव्हीवर खातं तिचंच होतं, आणि जो सेटिंगपर्यंत पोचला, तो तिनं वर्षभरात काय काय पाहिलं त्या यादीपर्यंतही पोचला असणार. तलवारी, स्कर्ट, सगळंच.

"बाबा, यात काही बदललंत का तुम्ही?"

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. क्षणभर काहीतरी जुळवत असल्यासारखे थांबले.

"हात लागला असेल चुकून."

चाळीस वर्षं नखाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस. याचा हात कुठे चुकून लागत असेल, यावर शिशुवर्गातल्या पोरांनीही विश्वास ठेवला नसता.

त्या दिवसापासून तिनं दुपारी दोनला टॅबलेट काढणंच बंद केलं. दार मात्र लावून घ्यायची. आत नुसती पलंगावर बसून राहायची, भिंतीकडे बघत. तासाचा हक्क राहिला होता, तास गेला होता.

नवव्या भागाच्या दिवशी सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. त्या बाम लावून आतल्या खोलीत आडव्या झाल्या. चारला टीव्ही लागला. पाचेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सूनबाईनं रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"बाबा कुठेयत?" नवऱ्यानं विचारलं.

"टीव्हीसमोर."

"दुकान सोडून? त्यांना म्हणावं, जरा कामाकडे बघा. कपड्यांच्या कारखान्यातनं मला फोन होता. बाबांनी दुरुस्त केलेल्या दोन मशिनी पुन्हा बिघडल्यात. आजवर कधी असं झालं नव्हतं. ते म्हणतायत, वय झालं असेल तर दुसरा माणूस बघतो. लक्ष कुठे असतं त्यांचं?"

"मी काय सांगणार त्यांना?"

"तूच नादाला लावलंस ना?"

ती फोन ठेवून परत आली आणि खुर्चीत बसली. दुसरा माणूस बघणार म्हणे. म्हणजे आता हेही आपल्याच डोक्यावर. रागानं तिला समोरचं धड दिसत नव्हतं. पडद्यावर गाडी आली, थांबली, एक म्हातारा उतरला, गाडी निघाली. स्टेशनमास्तरीण फलाटाच्या टोकाला गेली. तिनं बासरी ओठांना लावली. खाली ओळ आली.

(बासरी वाजू लागते.)

सासरे जरा मागे टेकले.

"आज काय वाजवलीय बासरी!" ते म्हणाले. मान हलकेच डोलत होती.

"हो ना," म्हणायला सूनबाईनं तोंड उघडलं, आणि तिला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. टिक, टिक. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू आला. आतल्या खोलीत कूस बदलताना वाजलेली सासूबाईंची बांगडीसुद्धा ऐकू आली.

रिमोट तिच्या हातातच होता.

तिनं पडद्याकडे पाहिलं. बासरीवर बोटं फिरत होती, नुसतीच फिरत होती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते वाट बघत होते, तिच्या ओठांकडे बघत. गेले चार महिने बघत होते तसेच.

"हो," ती म्हणाली. तोंड नीट उघडून, सावकाश. "फार छान."

तिच्या अंगठ्याखाली आवाजाचं बटण होतं. तिनं अंगठा काढून घेतला.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, डोक्याला पदर गुंडाळून.

"हे काय? टीव्ही चालू आणि आवाज नाही? मुक्याचा खेळ बघताय की काय दोघं?"

"तुमचं डोकं दुखतंय ना, आई," सूनबाई म्हणाली. "म्हणून आम्ही आवाज बंद करूनच बघतोय आज. खाली लिहून येतं सगळं."

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, आणि पाणी प्यायला गेल्या.

सासरे तिच्याकडेच बघत होते. तिचं वाक्य त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं होतं. त्यांची नजर तिच्या ओठांवरून रिमोटवर गेली, रिमोटवरून पडद्यावर, आणि तिथेच राहिली. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसला. दोन्ही काचा आधीच स्वच्छ होत्या. भाग संपला तरी ते "उद्या चारला" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दारावर टकटक झाली. सूनबाईनं कडी काढली. हातात तेच तेलकट फडकं.

"जरा दुकानात ये."

सासूबाईंनाही झाडू मारायला जिथे मनाई होती, त्या खोलीत ती पहिल्यांदा शिरली. टेबलावर कारखान्यातून परत आलेली मशीन होती. लग्नानंतर तिनं सासऱ्यांना लांबून काम करताना पाहिलं होतं. ते चाकाला एक फेरी द्यायचे, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे ऐकत राहायचे. मशीन काय म्हणतेय ते आधी ऐकावं, मगच हात लावावा, असं म्हणायचे. हल्ली ते मशिनीवर तळहात दाबून धरायचे, कधी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरून टोक मशिनीला टेकवायचे. तिला वाटायचं, असते एकेकाची सवय.

त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"फिरव."

तिनं चाकावर हात ठेवला. थंड, गुळगुळीत लोखंड. तिनं एक फेरी दिली, दुसरी दिली. आपोआप तिचे डोळे मिटले. तेलाचा वास, सुईचं खालीवर होणं, आणि मध्येच काहीतरी. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतेय?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज घसा साफ न करता बोलल्यासारखा होता.

तिनं डोळे उघडले आणि मान वळवून चेहरा त्यांच्यासमोर आणला.

"दर तिसऱ्या फेरीला खट् होतं. खालून. बारीक आहे, पण होतं."

"खालून?"

"खालून."

त्यांनी मशीन आडवी केली, खालचं झाकण उघडलं आणि आत वाकले. दुपारचा तास चालला होता. बाहेर सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या की सूनबाई दुकानात बसलीय, हो हो, दुकानात, आता काय बोलायचं.

"ते मांजराचं तीन भागांत संपेल," झाकणाच्या आतून सासरे म्हणाले. "पुढे ती तलवारीवाली लाव. यादीत पाहिली मी तुझ्या."

सूनबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण त्यांची मान अजून खाली होती. त्यांनी स्क्रू काढला, बशीत ठेवला, फडक्याला हात पुसला आणि मान वर केली. तोवर ती थांबली.

"बरं," ती म्हणाली.