विजेच्या आधी बटण

लोणखेड्याच्या यामिनीकाकूंना वीज फोटोत पकडायची होती. तीन उन्हाळे त्या नवऱ्याला, हेमकांतकाकांना, काळ्या ढगांमागे जीप पळवायला लावत होत्या. पण वीज दिसली की त्या बटण दाबत आणि फोटोत नुसता अंधार येई.

आज तिन्हीसांजेला सातपुड्यावर ढग गडगडत होते. हेमकांतकाका हसले, "तू बटण दाबस तवलोंग वीज धडगावले पोची जास!"

"मंग आज आधीच दाबसू!"

जीप थांबताच काकूंनी कॅमेरा खिडकीच्या काठावर घट्ट टेकवला, कॅमेऱ्याचा डोळा उघडाच राहावा म्हणून बटण दाबून धरलं आणि आकडे मोजायला लागल्या. अकराला आभाळ लखलखलं. काकूंनी बटण सोडलं. फोटोत वीज होती, अगदी फांद्याफांद्यांसकट!

"सापडनी! सापडनी!" काकूंनी काकांना अशी मिठी मारली, की हॉर्न वाजतच राहिला.