आतून कडी

आई गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक सोमेश्वरराव यांचा फोन आला. ‘‘सर, मातोश्रींच्या स्मृतिदिनाला काय देताय? पंखा, बाकडं का गोड जेवण?’’ सूर वेटरचा होता, फक्त पाणी आणून ठेवायचं बाकी होतं.

वृद्धाश्रम टेंभुर्णीच्या अलीकडं, मोसंबीच्या बागेला लागून. आई शेवटची दोन वर्षं तिथं राहिली, स्वतःच्या हट्टानं. तिच्या मते आमच्या घरात दिवसभर ती आणि फ्रिज असे दोघंच असत, आणि त्यातला फ्रिजच काय तो मधूनमधून बोले. मी नव्या जालन्यात एका बियाणे कंपनीत पिशव्यांवरचा मजकूर लिहितो. ‘उगवण न झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही’ हे माझं सर्वाधिक खपलेलं वाक्य. बायको लेकीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. शिक्षण संपलं, लेकीचं लग्न झालं, पुणं काही संपलं नाही. आता फ्रिज माझ्याशी बोलतो.

रविवारी गेलो. त्या आश्रमात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची नावं जास्त. बाकड्यावर बसायचं म्हणजे कुणाच्या तरी वडिलांच्या नावाला पाठ टेकायची. बटण दाबलं की तीन पात्यांवरून एक दिवंगत आजी गरगर फिरू लागतात.

‘‘पंखाच करू,’’ सोमेश्वरराव म्हणाले. ‘‘कै. गिरिजाबाई, असं पेंटरला सांगतो.’’

‘‘आमच्यात कै. नाही, कालकथित लिहितात.’’

‘‘एवढं पात्यावर मावत न्हाई सर. मंग कूलर घ्या.’’

विचार करतो म्हणून बाहेर आलो, तर व्हरांड्यात चतुराबाईंनी अडवलं. आईच्या शेजारची खाट त्यांची.

‘‘काय रे राजा, पंखा देऊन राह्यलास म्हणं?’’

‘‘अजून ठरलं नाही, मावशी.’’

‘‘पंखे लई झाले. एखाद दिवशी हे घर उडून जाईल. देयाचंच असलं तर न्हाणीला कडी दे. आतून.’’

आतून कडी नव्हती, हे मला ठाऊक होतं. मागे एक म्हातारी आत घसरून पडली आणि दार तोडावं लागलं. दाराच्या दुःखात संस्थेनं सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. तेव्हापासून तिथं रिवाज पडला, जी बाई आत असेल तिनं आवाज काढत राहायचं. चतुराबाई ओव्या म्हणायच्या. उषाबाई मास्तरीण होत्या, त्या पाढे म्हणायच्या. आई भीमगीतं गायची, आणि साबण लावतानाही चाल सोडायची नाही.

‘‘साळूचं काय व्हतं, तुला म्हाईत हाये का?’’ चतुराबाईंनी आवाज खाली आणला.

साळूबाईंची वाचा अर्धांगवायूनं गेलेली. आवाज काढायचा तर कुठून?

‘‘ती आत गेली की तुझी माय दाराला पाठ लावून उभी राह्याची अन् तिच्यासाठी गायाची. रोज. माय गेली, अन् एक दिवस सायबानं पाव्हण्यांना आश्रम दाखवता दाखवता न्हाणीचं दार उघडलं. साळू आत. तवापासून ती आंघोळीला जातच न्हाई बघ. खाटेवर बसून ओल्या फडक्यानं पुसती.’’

‘‘तुम्ही उभ्या राहा ना.’’

‘‘मेल्या, माझे गुडघे तू घे अन् मी राह्यते.’’ मग त्या गंभीर झाल्या. ‘‘वास येतो म्हणून सायब तिला भावाकडं धाडून राह्यलेत. भाऊ म्हंजे काय, गोठ्यात टाकील तिला. ह्याच महिन्यात.’’

आत डोकावलो. साळूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. हाक मारली तर पदर आणखी ओढून घेतला.

परत कार्यालयात गेलो. ‘‘आईच्या नावानं कडी देतो. आतून लागणारी, पण गरज पडली तर बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारी. जालन्यात मिळते.’’

सोमेश्वररावांचा चेहरा पडला. ‘‘कडीवर नाव कुठं टाकायचं?’’

‘‘नाव नको.’’

‘‘सर, नाव न टाकता देणारा माणूस उद्या तक्रार करतो, असा आमचा अनुभव हाये.’’

‘‘बराबर अनुभव आहे. साळूबाईंना कुठंही पाठवायचं नाही, ही पहिली तक्रार.’’

‘‘विश्वस्तांना विचारावं लागंल. सुरक्षेचा मामला हाये.’’

‘‘मग तोवर मी गेटला पाटी देतो. इशारे लिहिणं हाच माझा धंदा आहे. ‘येथे स्त्रियांच्या न्हाणीघराचे दार उघडे राहते. पाहुण्यांनी आत डोकावल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ खाली आईचं नाव, कालकथितसकट.’’

सोमेश्वररावांनी पेपरवेट बाजूला सारला. ‘‘पाटी केवढी?’’

‘‘गेटाएवढी. मावेल बिलकुल.’’

स्मृतिदिनाला कडी बसली. साळूबाईंना पाठवायची गोष्ट विश्वस्तांनी ‘तूर्त’ मागं घेतली. आईच्या तसबिरीपुढं वंदना झाली, आणि मग न्हाणीघराच्या दाराला लाल फीत बांधलेली दिसली. विश्वस्तांनी ती कापली, मातृप्रेमावर भाषण केलं. मोरीच्या वासात एवढं उदात्त कुणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. फोटोवाला म्हणाला, आता आजींना आत जाऊ द्या, बाहेर येताना एक काढू.

चतुराबाईंनी साळूबाईंना हाताला धरून आणलं. त्या आत गेल्या. कडी सरकल्याचा आवाज आला. बादलीत पाणी पडू लागलं.

आम्ही थांबलो. विश्वस्तांनी घड्याळ पाहिलं. तांब्याचा आवाज आला, परत आला, मग बंद झाला. मग काहीच नाही. सगळे आधी दाराकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागले.

‘‘सर, पडली असंल तर?’’ सोमेश्वरराव कुजबुजले. ‘‘वरडता बी येत न्हाई तिला.’’ त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. संस्थेनं मला काही देण्याची ही पहिलीच वेळ. ‘‘तुमची कडी, तुम्हीच उघडा. जल्दी.’’

मी नाणं खाचेपर्यंत नेलं. आई असती तर तिनं गाणं थांबवून नुसतं आत डोकावलं असतं. मला डोकावता येत नव्हतं, आणि विचारावं तर आतून उत्तराची सोय नव्हती. कान लावला, काही कळेना. उघडावं तर हे सगळे मागं उभे. न उघडावं तर?

नाणं मुठीत धरलं आणि दारावर एकदा टकटक केली.

आत शांतता. मग लाकडावर तांब्या आपटल्याचा आवाज आला. जोरात. दोनदा. आणि पाणी पुन्हा सुरू झालं, सावकाश, कुणाचीच घाई नसल्यासारखं.

‘‘झाला फोटो,’’ चतुराबाई म्हणाल्या. ‘‘चला, जेवायला चला समदे. शिरा थंड होऊन राह्यलाय.’’

विश्वस्त गेले, फोटोवाला गेला. मी दाराशीच उभा होतो. दाराच्या चौकटीत एक माणूस पाठ टेकून उभं राहील एवढीच जागा आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चतुराबाई काठी टेकत परत आल्या. ‘‘तू बी जा रे बाबा. बायांची न्हाणी हाये ही. आन् आता हितं कुणी उभं राह्याची गरज न्हाई.’’

‘‘हो,’’ म्हणालो.

जेवणघरात माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. आईच्या नावाचं जेवण, सगळे पोटभर जेवत होते. शेजारच्या माणसानं विचारलं, ‘‘तुमचं कोण हाये हितं?’’

मी शिऱ्याचा घास घेतला. खूप गोड होता. ‘‘कुणी नाही,’’ म्हणालो.