टेकडीवरची छत्री

दुपारपर्यंत गाव सोडा, असं दरडावून गोरे बंदूकवाले पुढच्या झोपडीकडे वळले आणि चिनी वस्तीत एकच धावपळ उडाली. कुणी तांदळाचं पोतं उचललं, कुणी देवाची तसबीर. जिनफायनं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उचलला आणि फावडं खांद्यावर टाकलं.

त्याचा बाप टेकडीवर, इतर चिनी मजुरांच्या कबरींत पुरलेला होता. रेल्वेचे रूळ टाकायला तो वायोमिंगच्या या माळावर आला आणि दरड कोसळून इथंच संपला. अशा मेलेल्याची रीत ठरलेली. वर्षं लोटली की मुलानं हाडं वर काढायची, पुसायची, डब्यात भरायची आणि समुद्रापार घरी न्यायची. परक्या मातीत राहिलेला माणूस कायमचा उपाशी भटकतो. आईनं जिनफायला अमेरिकेला धाडलं ते एवढ्यासाठीच. कोळसा खणणं हे त्यातलं वरकाम. पुढच्या वसंतातला मुहूर्तही काढून ठेवला होता. आता कुठला वसंत आणि कुठला मुहूर्त!

"छत्री घेतलीस?" मोय काकांनी विचारलं. हे बापाचे सोबती, त्याला मूठमाती देणारे.

"काका, घरं पेटवायला निघालेत ते! छत्री कसली घेऊन बसलात?"

"हाडांवर ऊन पडता कामा नये. तुझ्या बापाला मी उघड्यावर काढू देणार नाही. मग माझा जीव गेला तरी चालेल."

म्हाताऱ्यापुढं बोलायची सोय नव्हती. जिनफाय खणू लागला, आणि काकांनी खड्ड्यावर काळी छत्री धरली. झाड नाही, झुडूप नाही, अशी ती बोडकी टेकडी. गावातल्या प्रत्येक दारातून ती छत्री दिसली.

पायांची हाडं आधी, कवटी सगळ्यात वर, म्हणजे माणूस डब्यात बसल्यासारखा बसतो. जिनफायनं जेमतेम पावलं आणि नडग्या ठेवल्या असतील, तोच खालून ती बंदूकवाली माणसं चढत आली. पुढं प्रॉसर होता. खाणीत त्याची आणि जिनफायची जागा शेजारीशेजारी. दोघांत एक भिंत कोळशाची. प्रॉसर आणि त्याचे लोक पगारासाठी संपावर बसले होते, आणि कंपनी कमी पैशांत चिन्यांना खाली उतरवत होती.

"काय खणतोयस रे?"

"बाप."

सगळे खो खो हसले. "बाप म्हणे! आणि त्याला ऊन लागू नये म्हणून छत्री!"

"सोनं असणार," कुणीतरी म्हणालं. झालं, तेवढं पुरलं.

"आम्ही संपावर, आणि तू खाली," प्रॉसर म्हणाला. "माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलास. त्याचंच सोनं करून इथं पुरलंस होय?"

"तुमच्या युनियनच्या दारात आलो होतो मी, प्रॉसर. मलाही संपात घ्या म्हणालो होतो. पिवळ्यांना आत जागा नाही, असं तूच सांगितलंस."

प्रॉसरनं नजर वळवली. मग त्यानं डब्याला लाथ घातली. हाडं गवतावर सांडली. त्यानं खड्डा तळापर्यंत उपसला, कवटी फावड्यानं बाजूला फेकली, खाली नुसती माती.

"यात नाही तर शेजारच्यात असेल," लाल दाढीवाला एकजण म्हणाला.

काका आडवे आले. "अरे, मेलेली माणसं आहेत ती!" त्यांना ढकललं, छत्री मोडली, आणि मग जे सुरू झालं ते पाहून कंपनीच्या साहेबाला भरून आलं असतं. पगार वाढल्याखेरीज खणणार नाही म्हणून बसलेली ही माणसं भर उन्हात फुकट खणत होती, आणि तीही मन लावून! एकामागून एक साऱ्या चिनी कबरी उपसल्या गेल्या. सोनं मिळेना तसा राग चढत गेला, आणि हाडं फावड्याफावड्यानं उतारावर भिरकावली गेली. शेवटी हात झटकून ते वस्ती पेटवायला खाली उतरले.

जिनफाय उतारावर रांगत फिरला. कवट्याच कवट्या, सगळ्या मातकट, सगळ्या सारख्या. बाप घर सोडून निघाला तेव्हा जिनफाय चालायलाही शिकला नव्हता. जिवंतपणीचा चेहराच जिथं आठवत नाही, तिथं आता कवटी कशी ओळखणार?

"यातले बाबा कुठले, काका? तुम्ही पुरलंत ना त्यांना? सांगा ना!"

काकांनी वस्तीकडे पाहिलं. खाली धूर उठू लागला होता.

"कुठलीही उचल," ते म्हणाले.

"काय?"

"कुठलीही उचल आणि चल. तुझी आई काय कवटी पारखून घेणार आहे?"

छत्रीवाचून खणू न देणारा हाच तो म्हातारा. जिनफायला त्याचा असा संताप आला, की गळाच धरावा. पण काका मोडकी छत्री उचलून त्या कवट्यांवर धरू पाहत होते.

त्यानं हाताला लागली ती पावलं डब्यात ठेवली, नडग्या ठेवल्या, वर एक कवटी ठेवली. जो कुणी होता, तो डब्यात नीट बसला. "चला, बाबा," जिनफाय त्याला म्हणाला, कारण रीत तशी आहे, नात्यानं हाक मारल्याशिवाय मेलेला सोबत येत नाही.

मग तो निघाला, मान खाली घालून, झपाझप. मागं उतारावर त्याचा बाप कुठंतरी उघड्यावर पडला होता, आणि मुलगा दुसऱ्याच कुणाला तरी बाबा म्हणाला हे त्यानं ऐकलं होतं.