कोठीच्या दारामागे मिरज

मुग्धाच्या फ्लॅटमधल्या कोठीच्या दारामागे कोठी नव्हती, मिरजेतली आईची खोली होती. आई गेल्यावर मुग्धानेच तो दुवा जोडून घेतला होता. गाडीत बसून मिरजेला जाण्यात अर्थ नव्हता, तिथे आता औषधांचं दुकान होतं. इथलं दार उघडलं की मात्र आई पाटावर बसून लसूण सोलत असायची.

सोसायटीचे पॅकेज मॅनेजर घोरपडे घरांच्या मांडणीची नवी आवृत्ती आली की घरोघर जाऊन जुनं सामान काढत आणि नवं लावत. माणूस सरळ, इतका की दारावरच्या नावापलीकडे त्यांना काही दिसतच नसे. या खेपेला कोठीत मांडण्या लावायच्या होत्या. त्यांनी त्या दारातून आत नेल्या आणि आईच्या चहूबाजूंनी ठोकल्या. नव्या आवृत्तीत पाट नव्हता, म्हणून आईला उठवून तिच्या खालचा पाट काढून आणला.

"काका, तो आईचा पाट आहे. हे दार म्हणजे नुसता दुवा आहे, कोठी नाही," मुग्धा म्हणाली.

"ताई, दारावर कोठी लिहिलंय. आम्ही नाव बघतो."

"आणि पुढच्या वेळी?"

घोरपड्यांनी पिशवीतल्या यादीत डोकावून पाहिलं. "पुढच्या आवृत्तीत कोठीत माणूस नाहीये."

मुग्धाने दारातून आत पाहिलं. आत आई फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, किती अंग चोरून बसलीस गं."

"तुझंच सामान आहे. होते थोडी अडचण."

मुग्धाला रडू आवरेना. दुवा काढला तर खोली वाचणार होती, आईही वाचणार होती. फक्त मुग्धाला तिथे जायला वाट उरणार नव्हती.

"काका, दार काढा," ती म्हणाली. "आतल्या कशालाही हात लावू नका."

"बरं."

"रिकाम्या हाताने नको जाऊस," आई आतून म्हणाली. तिने उंबऱ्यावरून वरणाची वाटी पुढे केली. मुग्धाने हात लावला तेवढ्यात घोरपड्यांनी, सांगितलं होतं म्हणून, दार काढलं.

तिथे भिंत झाली. वाटी अर्धी भिंतीच्या अलीकडे होती आणि वरण अजून गरम होतं. मुग्धाने ती हळूच ओढून पाहिली. पलीकडून आईने अजून सोडली नव्हती.