नसांचं अस्तर

मित्रांनो, मी फार जुना आहे, पण मला कोणी माळ्यावर टाकू शकत नाही. मी जनुक आहे, म्हणजे शरीराच्या पेशीपेशीत लिहून ठेवलेली एक सूचना. नसांची देखभाल करणाऱ्या आधारपेशी असतात. त्यांनी कसं वाढायचं आणि नसेभोवती अस्तर कसं गुंडाळायचं, ते मी सांगतो. अस्तर नीट असलं की मेंदूचा निरोप पायाच्या बोटापर्यंत झटकन पोचतो. या कामाची शाबासकी मला कधी मिळाली नाही. पाय चालतोय म्हणून कोण कोणाचे आभार मानतं?

एका घरात मात्र माझी नक्कल होताना एक अक्षर चुकलं. तसाच मी आजोबांकडून त्यांच्या जोडे शिवणाऱ्या मुलात उतरलो आणि त्याच्याकडून त्याच्या लेकीत. तिच्या नसांचं अस्तर विरळ पडू लागलं. नऊ वर्षांची पोर सपाट फरशीवर अडखळू लागली.

बापाने तिचा जोडा उलटा करून पाहिला. तळ बाहेरच्या कडेने झिजला होता. "माझीच टाच चुकली," म्हणाला आणि नवी बसवली. मग घोट्यापाशी आतून जाड कातडं लावलं. पोर दोन महिने बरी चालली. पुन्हा पडली, पुन्हा नवा जोडा.

"अरे, जोडे किती बदलशील? पाय दाखव कोणाला तरी," त्याची थोरली बहीण म्हणाली.

"ताई, आपल्या बाबांची चाल अशीच होती. घराण्याची चाल आहे ही."

"आणि बाबा शेवटी अंथरुणातून उठेनात, तेही घराण्याचंच का?"

त्याचा हात इतका कसबी, की पाय काय सांगतोय ते जोड्यांनी तीन वर्षं झाकून ठेवलं. शेवटी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जोडे काढायला लावले तेव्हा घोटा आखडलेला होता.

"वेळीच व्यायाम सुरू केला असता तर इतका आखडला नसता," त्या म्हणाल्या. "हे वाडवडिलांकडून येतं. पुढे हातांतही उतरेल. समूळ बरं करणारं औषध नाही, पण आता तरी एक दिवस चुकवू नका."

परतताना पोर म्हणाली, "बाबा, तुमचं नाक दिलंत ते चाललं. हे कशाला दिलंत?"

तो रस्त्यातच खाली बसून तिच्या सुटलेल्या नाड्या बांधू लागला. दोनदा प्रयत्न केला, पण हल्ली सुई धरतानाही अडखळणाऱ्या त्याच्या बोटांना गाठ जमेना.

"सरका, मी बांधते," ती म्हणाली.

मित्रांनो, मला खोडून काढता येत नाही. पण मूल वारंवार पडत असेल, तर आधी त्याचे जोडे काढा आणि पाय बघा. मी आत काय करतोय, हे लवकर कळू द्या. तिने वाकून एका झटक्यात गाठ मारली. तिची बोटं अजून माझ्या हाती लागलेली नाहीत.