गुरुवारच्या खिचडीचं मीठ

मी एक जुना जर्मनचा गंज, म्हणजे मोठं पातेलं आहे. जर्मनचा म्हटलं म्हणून मला साता समुद्रापलीकडचा समजू नका, मित्रांनो. आमच्या झाडीपट्टीत ॲल्युमिनिअमला जर्मन म्हणतात, आणि मी आलो तो सिंदेवाहीच्या बाजारातून, बैलगाडीत तणसावर बसून.

तिथं जलालुद्दीन चाचांचं भांड्यांचं दुकान होतं. भांड्यावर नाव कोरावं तर त्यांनीच. एका हातात बारीक छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, आणि टकटक करत अक्षर उमटत जायचं. माझ्या काठावर त्यांनी ‘जि. प. प्राथमिक शाळा, कोसमटोला’ असं कोरलं आणि शेवटी टिंबांचं एक फूल काढलं. फूल कोणी सांगितलं नव्हतं. ते प्रत्येक भांड्यावर काढायचे. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत तुम्हाला ते फूल सापडेल.

कोसमटोल्याची शाळा लहान आहे. दोन खोल्या, पुढं ओसरी, अंगणात मोहाचं झाड, झाडाजवळ बोअरिंग आणि मागं आमची स्वयंपाकाची खोली. खरं तेच सांगते माझी जीभ, असं बायनाबाई म्हणतात. मला जीभ नाही, पण मीही खरं तेच सांगतो. पावसाळ्यात एका खोलीच्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. पण त्या बादलीत टपकणाऱ्या थेंबांच्या तालावर प्रफुल सर पाढे म्हणून घेतात, आणि मुलं ऊन पडलं की हिरमुसतात.

बायनाबाई म्हणजे आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई. मी ज्या दिवशी शाळेत आलो, त्या दिवशी त्यांनी मला चुलीवर ठेवायच्या आधी हळद-कुंकू लावलं. तेव्हापासून त्यांचा नेम मी रोज पाहतो. अंघोळ करून यायचं, चूल सारवायची, चार दाणे अग्नीला द्यायचे, हात जोडायचे, मग तांदूळ वैरायचा. आवाज इतका हळू, की मुलं गप्प झाल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून तर मुलं त्यांच्यापुढं गप्प होतात.

गुरुवारी त्यांचं अळणी व्रत असतं. दिवसभर काही नाही, आणि दिवा लावल्यावर बिनमिठाचं एकदाच. ते व्रत त्यांनी कशासाठी धरलं, हे कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण पुटपुटणं वाफेतून माझ्यापर्यंत येतं. पण ते सांगणं बरं नव्हे. एवढंच सांगतो, की गुरुवारी त्यांचा हात मिठाकडे जातच नाही. इतकी वर्षं गेली, हाताला सवयच झाली. शाळेत आधी मोठ्या माणसानं चाखायचं, मगच मुलांच्या ताटात वाढायचं, अशी रीत आहे. गुरुवारी प्रफुल सर चाखतात आणि हसून म्हणतात, “बाई, मीठ.” बाई जीभ चावतात, मीठ टाकतात. असं आमचं सुरळीत चाललं होतं.

मित्रांनो, ते दिवस माझे मानाचे होते. सुट्टीचा टोला पडला की मुलं रांगेनं हात धुऊन यायची आणि माझ्याभोवती गोल करून बसायची. कोणी कोणाशेजारी बसायचं याला इथं नियम नाही. गोंडाचा सुकलू, बौद्धवाड्यातला अश्विन, ज्याला जागा मिळेल तिथं बसायचं. मोठी मुलं लहानांना वाढायची. माझ्या बुडाशी लागलेली खरवड कोणाला मिळायची, यावर रोज भांडण व्हायचं. माझ्यासाठी मुलं भांडतात, याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग स्टीलचा नवा गंज आला. चकचकीत, जाड बुडाचा. माझा एक कान निखळला होता, पोटाला पोचा पडला होता. मला मोहाच्या झाडाखाली ठेवलं. पहिले काही दिवस वाटलं, उद्या बोलावतील. मग एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली आणि मी समजलो. कोणी वाईट वागलं नाही. विसरले, एवढंच. विसरलेल्याला तक्रार करायला तोंड नसतं, तेच जास्त लागतं.

झाडाखालून मला शाळेतलं सगळं ऐकू यायचं. यंदा ऐकू आलं ते चांगलं नव्हतं. गावातली लहान मुलं फाट्यावरून व्हॅननं तालुक्याच्या शाळेत जायला लागली होती. पुढच्या पहिलीसाठी एकही नाव आलं नव्हतं. पहिली रिकामी राहिली तर शाळाच नाल्यापलीकडच्या गावाला जोडतील, अशी बोलवा होती. नाल्यापलीकडे जायची वाट जंगलातून आहे. सुकलूच्या धाकट्या बहिणीनं त्या वाटेनं कसं जावं? एका दुपारी बाई माझ्याजवळ भांडी घासत होत्या आणि देवाशी बोलत होत्या. “माह्यासाठी नाई मागत,” त्या म्हणाल्या. “पोट्ट्यायसाठी मागतो.” आमच्याकडे बायाही ‘मागतो’ म्हणतात.

शेवटी सरांनी ठरवलं, पाडव्याच्या आधी गावातल्या सगळ्या आईबापांना शाळा दाखवायला बोलवायचं. मुलं काय वाचतात ते बघा, काय जेवतात तेही बघा. माणसं जास्त, एक गंज पुरेना. म्हणून बाईंनी मला झाडाखालून उचललं, राखेनं घासलं आणि म्हणाल्या, “चाल रे बाबा, तुही गरज पडली.” मित्रांनो, त्या घासण्यानं माझं अंग किती सुखावलं, काय सांगू!

तो दिवस नेमका गुरुवार होता. आणि मोहफुलांचा हंगाम. पहाटेपासून अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली. शाळेत यायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. सर आईबापांना झाडाझाडाखालून गोळा करायला निघून गेले. त्यांच्या जागी थांबले शाळा समितीचे अध्यक्ष हरिदासभाऊ. माणूस मनानं मोकळा, पण गालात चोवीस तास तंबाखू-सुपारीचा खर्रा.

सगळ्यांत आधी आल्या सुरय्या. त्यांच्या नवऱ्याचं, नदीमभाऊंचं, फाट्यावर मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची ओढणी धरून पाच वर्षांची अरीबा उभी होती. बोलत नव्हती, मान वर करत नव्हती. सुरय्या स्वयंपाकाच्या दाराशी थांबल्या आणि त्यांची नजर माझ्या काठावर गेली. वाकून त्यांनी फुलावरून बोट फिरवलं.

“हे तं माह्या अब्बाच्या हातचं फूल हाये!”

“जलालुद्दीनभाऊची पोरगी काय वो तू?” बाईंचा चेहरा फुलला. “ये ना मंग, अंदर ये. बाहेर काऊन उभी हायेस?”

“बाई, मी फक्त पाहाले आली,” सुरय्या दाराशीच राहून म्हणाल्या. “हिचं नाव घालीन का नाई, माहीत नाई. वर्षभर तालुक्याच्या बालवर्गात गेली, पण एक दिवस डबा खाल्ला नाई. जसाच्या तसा वापस. कोणाशी बोलणंच नाई. त्या मॅडम चांगल्या होत्या, त्यायची चुकी नाई. पण इथी जेवन का ही? घरी आमी हिंदी बोलतो, हिले मराठी कमीच समजते.”

“आमच्या इसरूची पोट्टी आली तवा निस्ती गोंडी बोले,” बाई म्हणाल्या. “आता सरले उलटी बोलते.”

सुरय्या हसल्या, पण अरीबाच्या डोक्यावरचा हात त्यांनी काढला नाही. त्यांना जे हवं होतं ते साधं होतं. आपली मुलगी चार मुलांत बसून चार घास खाते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मलाही तेच बघायचं होतं. इतकी वर्षं मुलांना जेवताना पाहिलं की न जेवणारं मूल लांबूनच ओळखू येतं.

हळूहळू अंगण भरलं. हातांना मोहाचा वास, टोपल्या भिंतीशी. मुलांनी गाणी म्हटली, तिसरीतल्या खुशबूनं न अडखळता धडा वाचला. पण माणसं भिंतीला टेकून होती, हाताची घडी घालून. त्यांत बिरजू सर्वांत पुढं. त्याच्याही मुलाचं पहिलीचं वर्ष होतं आणि व्हॅनवाल्याशी बोलणं झालेलं होतं.

खिचडी शिजली. सर अजून आले नव्हते. हरिदासभाऊंनी पुढं होऊन चमचाभर तोंडात टाकली, खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि मान डोलावली.

“एक नंबर झाली बाई! शयरात नाई भेटत अशी.”

बाईंनी वाढायला सराटा उचलला. तेवढ्यात सुरय्यांनी हळूच विचारलं, “बाई, तुमी चाखली का?”

“माहा गुरुवार हाये, माय. तूच पाय जराशी.”

“माहा रोजा हाये, बाई.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना. गंजभर खिचडी समोर, आणि दोन सुगरणींपैकी एकीलाही तिचा दाणा चालेना!

तेव्हा, मित्रांनो, अरीबानं ओढणी सोडली. ती चार पावलं पुढं आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं उजव्या हाताचा तळवा पुढं केला. सुरय्यांचं हसू थांबलं. “रमजानमध्ये घरी हेच करते,” त्या कुजबुजल्या. “संध्याकाळचं मी बनवतो, मले चाखता येत नाई, तं ही चाखते.”

बाईंनी चार शितं फुंकर घालून निववली आणि त्या तळव्यावर ठेवली. अरीबानं डोळे मिटून ती खाल्ली. मग स्पष्ट, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“अम्मी, नमक नइ है.”

बाईंचा हात कपाळाला गेला. मिठाचा डबा जिथल्या तिथं होता, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. देवाकडे एवढं मागितलं, आणि माणसं दाराशी आली तेव्हा आपल्याच व्रतानं घात केला, असं त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. मी चुलीवर होतो, पण थंड पडलो.

“हरिदासभाऊ, खर्रा थुकून चाखाले काय झालं होतं?” कोणीतरी ओरडलं.

“मी खोटं नाई बोललो गा! मले खरंच चांगली लागली!”

बिरजू भिंतीपासून पुढं झाला. “जेवणातच मीठ नाई, तं अभ्यासात काय असन?”

तेवढ्यात शेवटच्या चार माणसांना घेऊन सर फाटकातून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. सरांनी चप्पल काढली आणि म्हणाले, “चुकी माही हाये. गुरुवारी बाईची जीभ मी असतो. आज मी नव्हतो.” मग ते अरीबासमोर उकिडवे बसले. “बेटा, कितना डालूं?”

अरीबानं विचार केला. एका हाताचा पसा दाखवला, मग थोडा कमी केला.

बाईंनी गरम पाण्यात मीठ विरघळवून माझ्यात आणि स्टीलच्या गंजात शिंपडलं आणि सराट्यानं तळापासून हलवलं. सरांनी चाखलं आणि अरीबाकडे पाहिलं. पुन्हा तळवा पुढं आला. सगळं अंगण त्या इवल्याशा तोंडाकडे बघत होतं.

“बस,” ती म्हणाली.

मग मुलं गोल करून बसली. खुशबूनं सरकून आपल्याशेजारी जागा केली, आणि अरीबा आईकडे न बघता तिथं जाऊन बसली. तिनं ताट संपवलं. मग उठून माझ्याकडे आली आणि बोटानं माझ्या बुडाची खरवड दाखवली. सुरय्या ओढणी तोंडाला लावून मोहाच्या झाडाकडे वळून उभ्या राहिल्या.

बिरजू दुसऱ्यांदा वाढून घेत होता. “जाऊ द्या,” तो म्हणाला. “इथी कोणी खोटं बोलत नाई. एक हरिदासभाऊ सोडून.” आणि हरिदासभाऊंसकट सगळे हसले. त्या दिवशी पहिलीत अरीबाचं नाव लागलं. पाडव्याला बिरजू आपल्या मुलाला खांद्यावर बसवून नाव घालायला घेऊन आला.

आता जून सरला, शाळा भरली आहे. कोपऱ्यात बादली आहे आणि पाढे चालू आहेत. नदीमभाऊंनी माझा पोचा ठोकून काढला, कानाला नवा रिबिट मारला. स्टीलचा गंज रोज चुलीवर असतो, आणि असू दे. तो चांगला आहे. गुरुवारी मात्र बाई मलाच काढतात. सर आधी चाखतात आणि मुद्दाम काही बोलत नाहीत. मग एक तळवा पुढं येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं माळ्यावर किंवा झाडाखाली पडलं असेल. त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवा. कोणाच्या तरी हातचं फूल सापडेल. आणि आयाबायांनो, मुलाचं नाव कुठं घालावं हा प्रश्न पडला असेल, तर आमची शाळाही एकदा बघून जा. गुरुवारी या. त्या दिवशी खिचडीत मीठ नसण्याची शक्यता जास्त असते. पण नसलं, तर तुमचंच लेकरू ते सांगेल, आणि इथं त्याचं ऐकलं जाईल.