अंबुबाईंची संमती

"सही मी करतो की. पेन द्या इकडे," पुनीतने हात पुढे केला.

"तुमची नाही चालत, अण्णा. आजींचाच अंगठा लागतो," सुष्मा म्हणाली.

म्हैसूरच्या त्या खासगी इस्पितळात मधुमेहाच्या जखमांवरच्या नव्या मलमाची चाचणी चालू होती आणि सुष्मा त्या चाचणीची नर्स. चाळीस रुग्ण हवे होते, एकोणचाळीस मिळाले होते. डॉक्टर तिरुमलराव सकाळपासून दोनदा विचारून गेले होते. पुनीतच्या आईच्या, अंबुबाईंच्या टाचेची जखम चार महिने भरत नव्हती. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे औषधांच्या काउंटरवरची वनजा साक्षीला बसली होती.

सुष्माने संमतीचा कानडी कागद मराठीत समजावला. निम्म्यांना नवं मलम, निम्म्यांना नेहमीचं. कुणाला कुठलं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"अय्यो, दवाखान्यात आपली भाषा! कुठली गं तू?"

"इथलीच, मंडी मोहल्ल्यातली, आजी. घरी मराठीच बोलतो आम्ही."

"मग झालं की! आपली पोर वाईट सांगेल काय? आण ती शाई."

सुष्माचा हात थांबला. मलमावर तिचा मनापासून विश्वास होता, तिलाही होकारच हवा होता. पण हा होकार मलमाला नव्हता, तिच्या मराठीला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मी म्हणते म्हणून नको, आजी. काय समजलं ते तुम्ही सांगा बघू."

अंबुबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "निम्म्यांना जुनंच लावणार. मी नको म्हटलं तर?"

"आजचा इलाज तसाच चालू राहील."

"अव्वा, डॉक्टरांना मी हो सांगून बसलोय!" पुनीत वैतागला.

अंबुबाईंनी मुलाकडे पाहिलं. लग्न, पोटाचं ऑपरेशन, घर विकणं, सगळं त्यांना ठरल्यावरच कळलं होतं.

"पाय माझा आहे. बेडा. नको मला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या.

सुष्माला वाईट वाटलं, फार वाटलं. तिने अंगठा न उमटलेला कागद फायलीत ठेवला. तोवर अंबुबाई खुर्चीला धरून उठू लागल्या होत्या.

"चल रे पुनीत. आता इथं कोण बघणार आपल्याला?"

"बसा आजी, पट्टी बदलायची राहिलीय," सुष्मा म्हणाली आणि स्टूल पुढे ओढून तिने त्यांची टाच आपल्या मांडीवर घेतली.